गेमेलचा गुडघा

एडिनबरा, मंगळवार

प्रिय अन्वी,

बेसिंगस्टोकच्या ऑफिसात रुळलीस ना? आई सांगत होती, तू फुटबॉलचे बूट चॅरिटी शॉपला देऊन टाकलेस. गुडघा बरा झाला, पण क्लबने साधी विचारपूसही केली नाही, मग ठेवायचे कशाला, असं म्हणालीस म्हणे.

तुला हसू येईल, पण तुझा बाप हल्ली फुटबॉलच्या नादी लागलाय. शेजारच्या मोराग आजींना आता दिसत नाही, म्हणून त्यांच्या वडिलांची कात्रणांची वही मी दर शनिवारी वाचून दाखवतो. हे वडील म्हणजे रॉबर्ट गेमेल, फाइफच्या कोळसाखाणीतला. १९२४ ते ३५, एकाच क्लबकडून अकरा सीझन, लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे. स्कॉटलंडकडून एकदाच खेळला. तेव्हा मिळालेली मखमली टोपी आजींनी परवा माझ्या टकलावर ठेवली. तीनशेवर मॅचेस आणि गोल फक्त नऊ. पण काय माणूस होता गं!

तेव्हा सब्स्टिट्यूट नसत. कुणी जायबंदी झालं, की त्याला डाव्या विंगवर, मैदानाच्या कडेला, नुसतं उभं करायचे. बाहेर जायचं की थांबायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. १९३१ च्या कपमध्ये विसाव्या मिनिटाला गेमेलचा गुडघा गेला. पठ्ठ्या थांबला. तासभर लंगडत राहिला, त्याच्याकडे कुणी लक्षही देईना, आणि शेवटी बॉल नेमका त्याच्याकडेच आला. गोल! पुढे आणखी चार वर्षं खेळला. आजींनी हे दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा मला वाचवेना.

फोनवर सांगायचं धैर्य होत नाही, म्हणून लिहितोय. मार्चमध्ये तू फिजिओकडे गेली होतीस, तेव्हा तुझी कोच कर्स्टी घरी आली होती. तुझी जागा राखून ठेवलीय, जुलैत ट्रेनिंगला पाठवा, म्हणाली. मी तिला सांगितलं, अन्वीने खेळ सोडला, तिला नोकरी लागलीय. पुन्हा ऑपरेशन थिएटरबाहेर बसायची मला भीती वाटत होती. तुझाच निरोप समजून ती गप्प बसली, आणि तुला वाटलं, क्लब विसरला. गेमेलला कुणी बाहेर काढलं नाही. तुला मी काढलं, तुला न विचारता.

काल कर्स्टीला भेटून खरं सांगितलं. चांगलीच चिडली. जागा शुक्रवारपर्यंत आहे, तिचा नंबर पत्राच्या मागे लिहिलाय. काय ते तू ठरव. आधी तिला फोन कर, मला शिव्या नंतर दे.

तुझाच,
बाबा