सातव्या होलवरची चिंच

मी, धर्मराज काशिराम मोकल, वय अडुसष्ट, धंदा माळीकाम, राहणार नेरे, तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. बायको मैना म्हणते, शुद्धीचे तेवढे तपासून घ्या. तपासले आहे.

१. राहते घर मैनेला. तिच्या पश्चात मुलगा कमळाकर याला.

२. बागेची मोठी कात्री मुलगी भामा हिला. शेजारच्या महादेवाने १९४६ साली नेलेली पहारही तिने मागून आणावी. त्याला विसर पडला आहे, मला नाही.

३. गोल्फच्या मैदानात सातव्या होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या सातव्या खळगीच्या, वाटेवर मधोमध उभी असलेली एकटी चिंच माझ्या मालकीची आहे. ती कशी, हे लिहितो, म्हणजे पुढे वाद नको.

डावीकडून वळसा घेतला तर वाट लांब, पण निर्धोक. उजवीकडे ओहोळ. वरून मारलेला चेंडू बहुधा चिंच ठेवून घेते. तीस वर्षे तिथे गवत कापताना मी माणसे ओळखली. एक डॉक्टर इकडेतिकडे पाहून चेंडू पायाने सरकवीत. क्लबचे सेक्रेटरी, वकील दाजीसाहेब टिपणीस, दर रविवारी वरूनच मारीत आणि हरत. १९५२ साली त्यांनी झाड तोडायचा हुकूम काढला.

मी म्हणालो, "साहेब, चिंच तोडली तं खेलायला रायलं काय? नुसतं गवत हाय."

"मग खेळून दाखव माझ्याशी. जिंकलास तर झाड राहील."

ज्याचे फटके कमी, तो जिंकला. मी डावीकडून खेळलो. पाच फटके. साहेबांनी चिंचेच्या शेंड्याकडे बराच वेळ पाहिले आणि जन्मात प्रथमच डावीकडे वळले. चार फटके. मी हरलो. झाड तोडायला बोलावलेले कुऱ्हाडवाले उठले.

"थांबा रे!" साहेब ओरडले. "आज पहिल्यांदा हिच्यावर मात केली. आता हिलाच तोडली तर सांगू कोणाला?"

पुढच्या सभेत ठराव होऊन चिंच माझ्या नावे झाली. जमीन क्लबची.

४. ही चिंच मी भामाला देतो. कमळाकराने रागावू नये. तो मनाने चांगला, पण वाटेत काही आले की वळसा घेत नाही, कोयता काढतो.

५. चिंचा खेळ आटोपल्यावरच पाडाव्यात. वादळात झाड पडले तर भामाने लगेच नवे लावू नये. वर्षभर सर्वांना सरळ खेळू द्यावे. कंटाळून ते स्वतःच रोप घेऊन तिच्या दारी येतील. तेव्हा जागा दाखवावी. खड्डा मात्र त्यांच्याकडूनच खणून घ्यावा.

सही: धर्मराज काशिराम मोकल

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
दाजी टिपणीस, वकील, पनवेल
शिवा गणू भोईर, नेरे

मुक्काम पनवेल, ९ फेब्रुवारी १९५९