चॅपलच्या पायऱ्यांवरचा फोटो

प्रिय शांतवन,

मोबाईलच्या दिवसांत पत्र लिहिणारी बाई एक तर म्हातारी असते किंवा भित्री. मी दोन्ही आहे, म्हणून हे पत्र. रूथ गेल्याचं पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा मी आमच्या स्टुडिओतच होते. पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक समोर बसलेलं, त्याला हनुवटी वर करा म्हणता म्हणता मलाच हुंदका फुटला. बिचारा फोटो न काढताच उठून गेला. हिंगोलीहून शिरड शहापूर काही परदेशात नाही, पण मातीला यायला माझे पाय उचलले नाहीत. राग धरू नकोस. शाळेत माझ्या डब्यातली भाकरी निम्मी तीच खायची, आणि वर मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायची. अशी मैत्रीण परत मिळत नाही.

आपलं चॅपल पाडलं, ते तुला ठाऊक असेलच. छपराची लाकडं वाळवीनं पोखरली होती, माणसं आत बसायला भ्यायची. पाडण्याआधी पाळकसाहेबांनी तिथली पत्र्याची पेटी उघडली तर आत जुने फोटो निघाले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, चहाच्या रंगाचे झालेले. नव्या सभागृहात लावायला त्यांच्या कॉप्या हव्यात म्हणून सगळे आमच्याकडे आले. डाग पुसायला मी बसते, कॉम्प्युटरवरचं काम माझा मुलगा सुदाम करतो. सगळ्यांत जुन्या फोटोत चॅपलला कुंपणसुद्धा नाही. नुसत्या काळ्या दगडाच्या भिंती, दारात छत्री घेतलेली गोरी मडम आणि मागे आमच्या तांड्याचे बैल. हलू नका असं बैलांना कोण सांगणार? एकेकाला दोन-दोन डोकी आली आहेत. मी एकटीच हसत बसले. मग चॅपल आता नाही हे आठवलं आणि हसू गेलं.

त्याच गठ्ठ्यात तुमच्या लग्नाचा फोटो होता. पाळकसाहेबांकरवी तुझा निरोप आला की रूथ जन्मात कधी धड फोटोला उभी राहिली नाही, पायऱ्यांवरचा हा एवढाच फोटो आहे, त्यातला तिचा चेहरा मोठा करून रविवारच्या प्रार्थनेआधी द्या. तो चेहरा नीट निघाला नाही तर तुझ्याकडे तिचं दुसरं काही नाही, हे मला कळत होतं.

त्या लग्नाला मी होते, आठवतं? रूथनं मला करवली केलं आणि स्वतःसारखीच पांढरी साडी नेसायला लावली. नवरी कोण ते कळणार नाही म्हटलं तर म्हणाली, "कळू दे न्हाई तर न्हाई, तू माझ्यापाशी पाहिजेस." तिला काहीच माहीत नव्हतं. चॅपलच्या मागच्या ओट्यावर तू मला काय म्हणाला होतास, ते मी तिला कधी सांगितलं नाही. तांड्यावर येतो, तुझ्या बापूंशी बोलतो, म्हणाला होतास. मी वेडी रोज अंगण सारवून ठेवायची. तू आला नाहीस, तुझी लग्नपत्रिका आली. बापू म्हणाले, "काहून रडून राहिली, माय?" मी म्हटलं, मैत्रीण चालली ना. का आला नाहीस ते मी विचारलं नाही, आताही सांगू नकोस. एवढ्या वर्षांनी खरं कारण ऐकायची माझ्यात ताकद नाही. पुढे मला रामप्रसाद मिळाले. माणूस देवासारखा, घोरणं सोडलं तर. संसार चांगला झाला. तरी त्या ओट्यावरून मन उठलं नाही, हेही तितकंच खरं.

लग्न लागल्यावर सगळे पायऱ्यांवर उभे राहिले. फोटोवाला ओरडत होता, "आत सरका, आत सरका, कडेची माणसं कटून राहिली!" सगळ्यांनी रेटलं आणि रूथपाशी जायचं सोडून मी थेट तुझ्या दुसऱ्या खांद्याला येऊन टेकले. तू समोर बघत होतास.

परवा पाळकसाहेब दुकानात येऊन रविवारचं सांगत होते. तू तो मोठा केलेला फोटो छातीशी धरलास म्हणे, आणि म्हणालास, "व्हय, हीच माझी रूथ. बराबर अशीच व्हती." मग त्याला हार घातलास आणि सगळ्यांच्या देखत लेकरासारखा रडलास. काम फार सुरेख झालं म्हणून पाळकसाहेबांनी सुदामची पाठ थोपटली. मी आत जाऊन तोंड धुतलं.

शांतवन, तो फोटो रूथचा नाही. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं की नवरदेवाच्या डाव्या हाताची बाई घ्या. चॅपलात नवरी तिथंच उभी राहते, त्यांच्या ते अंगवळणी पडलेलं. सुदामला त्यातलं काय कळणार? त्यानं फोटोची डावी बाजू धरली, म्हणजे तुझा उजवा हात. तिथं पांढऱ्या साडीत मी होते. मी तेव्हा सेनगावला लग्नाला गेले होते, परत येऊन बघते तर फोटो तुझ्याकडे पोचलेला, आणि कॉम्प्युटरवर मीच. पोटच्या पोरानं आईला ओळखलं नाही, तर तुला काय बोलायचं? रडत्या डोळ्यांना दिसत नाही, असं मी मनाला समजावलं आहे. सुदाम लगेच फोटो बदलून आणायला निघाला होता, मीच त्याला थांबवलं. तुझ्या घरात थोडे दिवस राहून बघावंसं वाटलं. पण भिंत तिची आहे, आणि माझ्या हट्टापायी माझी रूथ घराबाहेर राहिली. सोबत तिचा खरा फोटो पाठवते आहे. एकेक डाग मी हातानं काढला आहे, गालावरचा तीळ तेवढा ठेवला. तो लाव. माझा उतरव, आणि आधी त्यावरचा हार काढ. मी अजून जिवंत आहे रे.

तुझीच (हा शब्द खोडणार होते, राहू दिला),
मिना