आटोपतं घ्या

८ ऑक्टोबर, मंगळवार

झालं! इथल्या मस्कतच्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला धनंजयचं भाषण ठेवलंय. सेक्रेटरी किशोरीचाच फोन — "वहिनी, सरांना सांगा, ओमानमधली घरं यावर थोडं बोला. आर्किटेक्ट माणूस, छान बोलतील."

घरांवर बोलेल हा? दिवसभर ऑफिसात लोकांचे व्हिला काढायचे आणि घरी आला की एकच घोकणं — आर्मेनियन लोक मुळात कुठले? बाहेरून आले, की आधीपासून तिथलेच? जेवणाच्या टेबलावर किती वर्षं नुसते नकाशे आणि जुन्या चर्चचे प्लॅन. आम्ही दोघं सोफ्यावर मांडीत ताट घेऊन जेवतो. लोक सुट्टीत दुबईला खरेदीला जातात, आम्ही गेलो आर्मेनियात दगड मोजायला! अरे, तुला काय करायचंय त्यांचं? आपण वेंगुर्ल्याचे. प्रश्न मिटला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

विषय परस्पर बदलला. 'मुळात कुठले?' असं नाव दिलंय. किशोरी नुसतं "अच्छा" म्हणाली, आणि माझे कान गरम झाले. मंडळात त्याला मागून 'आर्मेनिया' म्हणतात. मला ठाऊक आहे, त्याला नाही.

म्हटलं, निदान इथल्या निझवाच्या किल्ल्याचं तरी काही घाल. तर म्हणतो, "शेवट ऐक तू. शेवट तुला आवडेल."

शेवटापर्यंत जागं कोण राहणार!

१६ ऑक्टोबर

आरशासमोर भाषण म्हणून बघतोय. मी मिक्सर लावला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

लिहायलाच नको वाटतंय.

काल वादी कबीरला गच्चीवर कार्यक्रम. कोपऱ्यात मसाला दूध उकळत होतं, वेलची-केशराचा वास सुटलेला, पोरं पेले घेऊन तयार. आणि धनंजय बोलतोय — कुठल्या थडग्याचं दार कुठल्या दिशेला! मागून कुणीतरी म्हणालं, "आर्मेनिया पुराण, अध्याय पहिला." हशा. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही रोज ऐकता हे?" मी कपाळावर हात मारून घेतला. हसले. त्यांच्याबरोबर मीही हसले!

वक्ता लांबला की आपल्याकडे चिठ्ठी जाते. किशोरी माझ्याकडे बघत होती — तुमचे मिस्टर, मी कशी पाठवू? मग मीच तिच्या हातातलं पेन घेतलं. 'आटोपतं घ्या. दूध गार होतंय.' घडी घातली आणि वर सवयीने नुसतं 'धनंजय' लिहिलं. चिठ्ठी हातोहात पुढे गेली.

त्याने घेतली. हसला. "एक मिनिट हं," लोकांना म्हणाला, चष्मा सारखा करून उघडली. वाचली. मग नीट घडी घालून खिशात ठेवली. "तर जी मुलं परक्या गावात..." इथपर्यंत आला होता, ते वाक्यसुद्धा पुरं केलं नाही. "धन्यवाद. दूध घ्या सगळ्यांनी." टाळ्या मात्र जोरात पडल्या.

दुधाच्या रांगेत मुनीरभाई भेटले, त्याच्या ऑफिसचे ड्राफ्ट्समन, रत्नागिरीचे. वादी अदाईहून बायकोला घेऊन मुद्दाम आले होते. "वहिनी, साहेब आत्ता कुठे रंगात आलेले. कोणी पाठवली हो ती चिठ्ठी?"

कमिटीने, म्हटलं. धडधडीत खोटं!

गाडीत तो एवढंच बोलला — "दूध छान होतं."

२० ऑक्टोबर

पुण्याहून रेवाचा फोन. बारावीपर्यंत मस्कतमध्ये वाढलेली पोर, तिचं मराठी तसंच! "आई, बाबाने एंडिंग बोलली का? ती माझी स्टोरी आहे ना."

कसली स्टोरी?

"मी थर्डमध्ये रडत आली होती. टीचरने नेटिव्ह प्लेस विचारला, मी मस्कत बोलली, सगळे हसले. बाबा बोलला, थांब, शोधून सांगतो. आर्मेनियन लोक सगळ्या देशांत राहतात ना, म्हणून त्यांच्यापासून स्टार्ट केला. तुला माहीत नाही?"

नाही. हे खूळ कुठून आलं, मी कधी विचारलंच नाही. टेबल कधी मोकळं होणार, तेवढं रोज विचारलं. फोन ठेवल्यावर तोंड लपवावंसं वाटलं, पण घरात होतं कोण बघायला?

२४ ऑक्टोबर

टेबल मोकळं झालं. सगळे कागद गुंडाळून कपाटावर. मी न सांगता! नवा टेबलक्लॉथ घातला, समोरासमोर बसून जेवलो. मला हेच हवं होतं ना?

चिठ्ठी कुणाची ते त्याला कळलं नसावं. घाईतलं अक्षर, किशोरीचंही वाटेल. वाटू दे. — किती हलकट विचार हा! तरी मनात येतोच.

२५ ऑक्टोबर

म्हटलं, काढ ना कागद परत. मला शेवट ऐकायचाय. "राहू दे गं," म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. भांडी घासताना रडू आलं.

२७ ऑक्टोबर

राहवेना. विचारलं, त्या दिवशी चिठ्ठी हातात घेतल्यावर हसलास कशाला?

"वर तुझं अक्षर दिसलं," म्हणाला. "वाटलं, छान चाललंय असं लिहिलं असशील."