अकरा कापलेल्या फरश्या

ता. ९ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग लिहिलाय खरा, पण गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच केला असं समज.

फोनवर आपण भांडतो म्हणून पत्रं लिहायची, असं तूच ठरवलंस. मग आता वाच. मधेच बोलता येणार नाही तुला.

हाडांच्या डॉक्टरने सांगितलंय की बावीस वर्षं गुडघ्यांवर बसून फरश्या बसवल्या तेवढ्या पुरे, आणखी वर्षभर बसवल्या तर चालायचं विसरा. सांगायला त्याचं काय जातं. मी साइटवरच्या इंजिनियरला सरळ विचारलं की उभ्याने करायचं काही काम आहे का. तो म्हणाला, आखणीचं आहे, नकाशा वाचून खडूने जमिनीवर रेघा मारायच्या. पण त्याला सर्टिफिकेट लागतं. कामगार संघटनेचा सहा महिन्यांचा संध्याकाळचा वर्ग आहे, इमारत कशी रचायची, नकाशा कसा काढायचा, त्याचा. डिसेंबरात परीक्षा. पास झाले तर आखणी, नाही तर साइटवर मला जागा नाही. इतकं साधं आहे.

वर्ग एका शाळेत भरतो. बाकं पोरांच्या मापाची, त्यामुळे मी मागे खिडकीला टेकून उभी असते. नळवाला, वायरमन, दोन सुतार आणि मी, एवढेच आम्ही. शिकवायला एक म्हाताऱ्या बाई आहेत, जन्मभर इमारती रचून आता घरी बसलेल्या. काठीसारख्या सरळ.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, राहता ती खोली वरून बघितल्यासारखी काढा. मी काढली. बेचाळीस फरश्या, एकेक मोजून, दाराजवळची तडकलेलीसुद्धा. बाईंनी कागद उलटासुलटा करून विचारलं की भिंती कुठायत. मी म्हणाले की मी कामाला जाते तेव्हा भिंती उभ्याच असतात, त्या मी कशाला काढू. सगळे हसले. नळवाला सगळ्यात मोठ्याने. त्याच्या कागदावर काय होतं माहितीये? मोरी आणि दोन पाइप. झोपतोस कुठे, असं विचारलं तर कागद उलटा करून ठेवला.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आपण जिथे हात लावतो तेवढंच आपल्याला दिसतं, उद्या भिंती घेऊन या. घेऊन जाईन. भिंतीच त्या.

लोभ आहे ते माहीत आहे, काळजी तेवढी कमी कर.

तुझी
मुंगी


ता. २१ जून

चि. मुंगीस,

अ. उ. आ. पन्नाशीला टेकलीस तरी मी चि.च लिहिणार, तोंड वाकडं करू नकोस.

पत्र वॉर्डात वाचलं. नळवाल्याच्या मोरीपाशी आले आणि एवढी हसले की मेट्रनने डोळे वटारले. आया बाई अशा हसायला लागल्या तर पेशंट घाबरतात म्हणे.

इकडे सगळं ठीक. तुझे भाऊजी नेहमीसारखे, चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधतात. सध्या माझी ड्यूटी ऑपरेशनच्या खोलीबाहेर असते. स्ट्रेचर आत न्यायचं, बाहेर आणायचं, आणि मधल्या वेळात नातेवाइकांना तेच ते सांगायचं, की अजून वेळ आहे.

मला परीक्षेची भीती नाही, तू त्या बाईंशी भांडशील याची आहे. लहानपणापासून तुला कोणी चूक दाखवली की तू पाटी आपटतेस. मोठी माणसं आपटलेली पाटी उचलून देत नाहीत गं.

आणखी एक. तुझं शाळेतलं नाव मीच जाऊन कमी केलं होतं, चौथी संपली तेव्हा. धाकट्याला सांभाळायला घरात कोणी नव्हतं. तू कधी बोलून दाखवत नाहीस, म्हणून मीच लिहिते. आज तू वर्गात उभी आहेस हे वाचून मला कसं वाटलं, ते लिहिता येत नाही.

गुडघ्यांना रोज शेक. माया धरून आहेस, तशीच धरून राहा.

तुझी
ताई


ता. १७ ऑगस्ट

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. नाव कमी केल्याचं पुन्हा लिहिलंस तर उत्तर देणार नाही. धाकटा वाढला ना नीट? मग संपलं.

उशीर झाला कारण बाईंनी डोकं खाल्लं. पुठ्ठ्याचा एक खोका करायला लावला, त्याला एकच भोक पाडायचं, उन्हात धरायचं आणि आत उजेड कुठे पडतो ते तीन वेळा काढायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मी मनात म्हटलं, घरात काय कामं कमी आहेत? सकाळचं चित्र काढलं. दुपारचं मनानेच काढलं. बाईंनी ते बघून सांगितलं की दुपारी सूर्य वर असतो, तुम्ही तो शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवलाय. चोरी पकडली गेली. नळवाला पुन्हा हसला, त्याचा एकदा बंदोबस्त करणार आहे.

मग खरंच धरून बसले. म्हणजे उभी राहिले. ताई, ती उजेडाची चौकट सरकते. भिंतीवरून खाली येते, जमिनीवर लांब होते, परत चढते. भोक जरा वर पाडलं तर अख्खा खोका वेगळाच दिसतो. मी सात खोके केले. सांगितला होता एक. घरात पुठ्ठा उरला नाही, चपलांचं खोकंसुद्धा कापलं.

परवा साइटवर एका नव्या खोलीत शिरले आणि वर बघितलं. बावीस वर्षांत किती खोल्या केल्या असतील, छत एकाही खोलीचं आठवत नाही. फरशी विचार, कोणत्या खोलीत कोणती होती ते सांगते. इंजिनियरने विचारलं की काय पडलं का वरून. मी म्हणाले, काही नाही, बघतेय.

आता शेवटचं काम. बारा माणसं वाट बघत बसतील अशी एक जागा रचायची. खरी जागा घ्यायची, जाऊन बघायची, मग बदलायची. परीक्षा यावरच. नळवाल्याने बसथांबा घेतलाय. मी तुझी ऑपरेशनच्या खोलीबाहेरची जागा घेतलीय. तुला विचारलं नाही, सांगतेय. लिफ्ट कुठे, दार कुठे, बाक किती, सगळं मोजून पाठव. आणि माणसं कशी बसतात ते बघ. बाई म्हणतात, माणसं बघितल्याशिवाय रेघ मारायची नाही.

लगेच पाठव. लगेच म्हणजे तुझं लगेच नाही, माझं.

तुझी
मुंगी


ता. ४ सप्टेंबर

चि. मुंगीस,

अ. उ. आ. मोजपट्टी नव्हती, म्हणून बँडेजची पट्टी लावून मोजलं आणि नंतर शिंप्याच्या टेपने पट्टी मोजली. सगळी मापं मागच्या पानावर आहेत. लिफ्टमधून बाहेर आलं की बोळ, बोळाच्या टोकाला डावीकडे ऑपरेशनचं दार. त्या वळणावरच्या मोकळ्या तुकड्यात दोन बाक टाकलेत, तीच वाट बघायची जागा.

आठ दिवस माणसं बघितली. नोकरीला अठरा वर्षं झाली, बघते असं वाटत होतं, पण मी त्यांना नुसती उत्तरं देत होते.

बाकावर बसतात ती सोबत आलेली माणसं. ज्याचं माणूस आत आहे तो बसत नाही. परवा एक म्हातारे होते, बायको आत होती. चार तास खांबाला खांदा लावून उभे. मी तीनदा खुर्ची दिली, तीनदा मान हलवली. खुर्चीवर पिशवी ठेवली आणि पिशवीचा बंद हातात धरून ठेवला. एक बाई दाराच्या फटीकडे बघत होती. आतल्या पायांची सावली हलली की सरळ व्हायची. आणखी एक, कोणालाच कोणाच्या समोर बसायचं नसतं. बाक समोरासमोर आहेत, तर सगळी माणसं तिरकी बसतात. रडणाऱ्याला तोंड लपवायला कोपरा नाही, म्हणून लोक जिन्यात जाऊन रडतात.

याचा तुला काय उपयोग मला कळत नाही. तू सांगितलंस म्हणून लिहिलं.

पाटी आपटली नाहीस ना अजून? जीव लावलास तसा या कामालाही लाव.

तुझी
ताई


ता. ११ ऑक्टोबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. नकाशा सोबत आहे. घडी नीट उघड, फाडू नकोस.

तुझी जागा मी भिंत घालून बोळापासून वेगळी केली. बाक समोरासमोर नाहीत, पायऱ्यांसारखे एकामागे एक वळवलेत. खिडकी उंच, म्हणजे उजेड डोक्यावरून येतो, तोंडावर येत नाही. आणि खरं काम तर पुढे आहे. सगळी जागा अशी बसवलीय की एकही फरशी कापावी लागत नाही. लांबीला चौदा, रुंदीला नऊ, सगळ्या अख्ख्या. साइटवर लोक म्हणतात ना, हिच्या खोलीत तुकडा सापडत नाही, तसं.

बाईंनी बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाल्या की जिची जागा आहे तिला दाखवा. म्हणून पाठवतेय. चांगलं आहे असं लिही आणि पाठव, परीक्षेला वेळ थोडा आहे.

तुझी
मुंगी


ता. २३ ऑक्टोबर

चि. मुंगीस,

अ. उ. आ. रागावू नकोस. म्हणजे रागावशील, पण वाचून झाल्यावर रागाव.

तुझी भिंत मी खडूने खऱ्या जमिनीवर काढली. सकाळी सहाला, कोणी यायच्या आत. मग रिकामं स्ट्रेचर घेऊन लिफ्टकडून आले. वळणावर तुझ्या भिंतीचा कोपरा आडवा येतो. मागे घ्यावं लागतं, पुन्हा वळवावं लागतं, तरी चाक रेघेवरून जातंच. तीनदा करून बघितलं. तेवढ्यात मेट्रन आली, जमिनीवर खडू कोणी मारला म्हणून. मी म्हणाले माझ्या बहिणीने.

मुंगे, स्ट्रेचरवर माणूस असतो. त्या वळणावर एक झटका बसला तरी तो कण्हतो. तुझ्या खोलीत फरश्या फार सुखात आहेत, पण त्या वाट बघत नाहीत.

बाकी बाक आणि खिडकी मला आवडली. पण उभी राहणारी माणसं कुठे गेली? खांबाजवळचे म्हातारे? मी तुला लिहिलं होतं.

अबोला धरू नकोस. तुझी परीक्षा आहे म्हणून खरं लिहिलं, नाही तर गोड लिहिलं असतं.

तुझी
ताई


ता. १५ नोव्हेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. अबोला धरला होता. संपला.

तुझं पत्र आलं तेव्हा त्यासोबत परत आलेला नकाशा मी चुरगाळून डब्यात टाकला. मनात म्हटलं, हिला काय कळतं, ही फिनेलच्या बादल्या मोजणारी. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं की स्ट्रेचर अडतंय. मला वाटलं त्या म्हणतील, चालेल, सरावाचंच तर काम आहे. त्यांनी विचारलं की कोपरा कापायला काय हरकत आहे. मी म्हणाले, कोपरा कापला तर फरश्या कापाव्या लागतील. त्या म्हणाल्या, मग कापा. जसं काही नखं कापायची आहेत.

नऊ दिवस काही काढलं नाही. ताई, तुकडे लावतो तो कारागीर कच्चा, असं मला ज्याने काम शिकवलं त्याने पहिल्या दिवशी बजावलं होतं. तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे आहे. तीच मोडायची म्हणजे हातात काय राहतं?

मग त्या म्हाताऱ्यांचा विचार करत होते. चार तास उभे राहिले. मला माहीत आहे ना, बसायची इच्छा नसताना खुर्ची देणारा माणूस किती नकोसा होतो ते. आणि मीही वर्गात पाच महिने उभीच आहे, खिडकीचा काठ कोपराखाली येतो म्हणून टिकले. तेव्हा दाराच्या बाजूच्या भिंतीला कोपराच्या उंचीवर एक फळी काढली, लांबलचक. तिच्यावर टेकता येतं, पिशवी ठेवता येते, आणि दाराची फट दिसते. फळी जिथे संपते तिथे भिंत जरा आत वळवली, एका माणसाला पाठ करून उभं राहता येईल एवढी. जिन्यात जायला नको.

आणि फळी घातली की कोपरा तिरका करावाच लागतो, नाही तर टेकलेल्या माणसाच्या पाठीला स्ट्रेचर लागतं. मग केला. अकरा फरश्या तिरक्या कापाव्या लागतात. एकेक काढली, कुठून कापायची ते लिहून. 

नव्या नकाशाची नक्कल सोबत आहे, पुन्हा खडूने काढून बघ. मेट्रनला सांग, बहिणीचीच रेघ आहे.

तुझी
मुंगी


ता. २८ डिसेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. स्ट्रेचर न थांबता वळलं ही तुझी चिठ्ठी परीक्षेच्या सकाळीच मिळाली. ती नकाशाला टाचणीने लावून नेली.

बाहेरचे परीक्षक आले होते. जाड भिंगाचे, कमी बोलणारे. नळवाल्याच्या बसथांब्यावर पाणी कुठून उतरतं ते बघून खूश झाले. माझ्याकडे आल्यावर त्यांनी बोट थेट तिरक्या भिंतीवर ठेवलं आणि विचारलं की हे काटकोनात का नाही, फरश्या वाया जातील. मी म्हणाले, जातील, अकरा. मग त्यांना स्ट्रेचरचं सांगितलं. त्यांनी फळीबद्दल विचारलं की बाक असताना ही कशाला. मी म्हणाले, ज्याचं माणूस आत आहे त्याला बसवत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढे गेले. एवढंच. मला वाटलं, गेलं.

अक्षर आणि मापं लिहिणं यात नापास होता होता वाचले, रचनेत वर्गात पहिली. मिळून पास. सर्टिफिकेटवर नाव बरोबर आहे, दोनदा वाचून घेतलं. नळवाल्याने येऊन हात मिळवला. म्हणाला, भिंती सापडल्या एकदाच्या. मी म्हणाले, तूही झोपायला जागा कर एक.

परवापासून आखणीवर आहे. हातात नकाशा, खिशात खडू. काल एका खोलीत फरशी बसवायला नवी मुलगी आली होती, विशीतली, गुडघ्यांखाली पोतं घेऊन बसलेली. मधेच खांब आहे, तिथे कशी कापायची कळेना. तिने मान वर करून मला विचारलं. ताई, माझा हात गुडघ्यावर गेला होता, थापी घ्यायला अर्धी वाकलेसुद्धा. तिथेच थांबले. खडूने रेघ मारली, इथून काप म्हणाले. पहिली फरशी केसाएवढी तिरकी बसली. मला वरून दिसली. मी तिला सांगितलं. तिने जरा कपाळाला आठ्या घातल्या, उचलली आणि पुन्हा बसवली.

मी तिचं होईपर्यंत तिथेच उभी होते.

भाऊजींना नमस्कार सांग. तू माझी आहेस तशीच राहा, मात्र पत्राला एवढा उशीर लावू नकोस.

तुझी
मुंगी