जाळीची चौथी बाजू

बाबा, तुम्ही बांधलेली कोंबड्यांची जाळी यंदा गंजून खाली बसली आणि नवी मी बांधली. ती कशी बांधली हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

तुम्ही पहिली बांधलीत तो रविवार अजून लख्ख आठवतो. आरेच्या तबेल्यातलं पहाटेचं दूध काढून तुम्ही घरी येता, अंगाला म्हशींचा वास, आणि मी मोठ्या हौसेने षटकोनी भोकांची पातळ जाळी खांबांना गुंडाळून ठेवलेली. तुम्ही एक बोट घालून ती ताणता. "ही कोंबडी आत ठेवायला. आपल्याला मुंगूस बाहेर ठेवायचंय. काम वेगळं, जाळी वेगळी." मग तुम्ही बारीक चौकोनांची जाड जाळी आणलीत आणि तळाशी ती बाहेरच्या अंगाला हातभर आडवी पसरलीत, वर माती, मातीवर दगड. "मुंगूस कुंपणाला नाक लावून उकरतं. खाली जाळी लागली की कंटाळून जातं. दोन पावलं मागे सरकून उकरावं, एवढं त्याला सुचत नाही." या एका वाक्यावर मी पुढे पुढाऱ्यांची टिंगल करत वीस वर्षं सदरं लिहिली. मी विचारलं, बिबट्याचं काय? तुम्ही म्हणालात, "बिबट्याला जाळी नसते, बिबट्याला कुत्री असतात." आणि मग, हसू आवरून, "मुंगूस मात्र आत शिरलं तर एकीवर थांबत नाही. भूक असो नसो, सगळ्या मारतं."

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आई आरेतल्या आपल्या त्याच बैठ्या खोलीत एकटी, मी जोगेश्वरीत सातव्या मजल्यावर. मागच्या थंडीत ती नळापाशी घसरली आणि तासभर तशीच पडून राहिली. शेजारीण पाण्याला आली म्हणून कळलं. तेव्हापासून मी तिच्या मागे लागले होते, चल माझ्याकडे. "आणि कोंबड्या?" म्हणायची. लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच आहे, मी आहे. "कोंबड्या गं?" भल्याभल्यांची तोंडं बंद करणारी म्हणून माझी ख्याती आहे बाबा, पण सहा कोंबड्यांपुढे माझं काही चाललं नाही.

मग तिनेच जाळीचं काम सांगितलं. मी सुट्टी काढली. ती स्टुलावर बसून देखरेख करत होती, तुमच्यापेक्षा कडक. "तारेची टोकं आत वळवू नको, माझ्या पोरींना लागतील."

"तुझी पोरगी मी आहे ना?"

"तू अंडी देतेस का?"

खूप दिवसांनी दोघी हसलो. तीन बाजूंना मी जाळी तुम्ही शिकवलीत तशी बाहेर पसरली, माती लोटली, दगड ठेवले. चौथी बाजू मागे, नाल्याकडची. तिथे जाळी जमिनीला नुसती टेकवली आणि वर माती ओढून घेतली. जाळी संपली नव्हती, मी दमलेही नव्हते. वाटलं, एखादी जाईल, आई घाबरेल, तयार होईल. एकीवर थांबत नाही हे मला आठवत होतं, तरी मी आठवू दिलं नाही. आईने विचारलं, "मागची नीट केलीस ना गं?" मी म्हटलं, "केली."

पाचव्या दिवशी सकाळी ती पाणी भरून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी पोचले तेव्हा तिने पिसं झाडून एका कोपऱ्यात गोळा केली होती. मला वाटलं आता शिव्या देईल. माझी तयारी होती, उत्तरंसुद्धा होती. ती म्हणाली, "माझीच चूक. मागं जाऊन एकदा बघायला हवं होतं. गुडघे दुखत होते म्हणून नाही गेले." दोन पिशव्या भरून ती माझ्याबरोबर आली. मला हवं होतं तेच झालं.

आता ती माझ्याकडे आहे, सुखरूप आहे, आणि पाहुणीसारखी आहे. चहा टाकायच्या आधी विचारते, टाकू का. मी ओरडते, आई, घर तुझंच आहे. ती मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. भांडत नाही, ते सगळ्यात वाईट. हे पत्र खरं तर तिच्या हातात द्यायला हवं. तिला वाचता येतं, म्हणूनच देत नाही. कपड्यांच्या कप्प्यात खाली सारून ठेवणार आहे.

रोज सकाळी आंघोळ झाली की ती बुद्धवंदना म्हणते. मग तुमच्या फोटोपुढे उभी राहून हळू आवाजात तुमची माफी मागते, की मला नाही सांभाळता आल्या. ओट्यापाशी मला एकेक शब्द ऐकू येतो. तेवढ्यात मी मिक्सर लावते, बाबा. भांड्यात काही नसतं.