तुझा आजारी मित्र

दादा,

तुझ्या त्या मित्राचा मला संशय येतोय. त्याच्या पोटाच्या कॅन्सरचा रिपोर्ट तू फोनवर वाचून दाखवलास आणि विचारलंस, “नॉन-कोडिंग आरएनए वाढलाय म्हणजे काय गं?” मीही प्रयोगशाळेतल्या थाटात सांगत सुटले. त्यापासून प्रथिन बनत नाही, म्हणून पूर्वी त्याला बिनकामाचा समजायचे. पण ‘पुरे, आता वाढू नकोस’ असं पेशीला बजावणाऱ्या जनुकाचं तोंड कधीकधी हाच दाबून धरतो.

तू म्हणालास, “बरं. आणि त्याला गोळी गिळता येत नाही, कुस्करून मधातून दिली तर चालेल का?”

दादा, एवढा मोठा होऊन मधातून गोळी खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय.

वहिनीच तुला माझ्याशी खरं बोलू देत नसणार, असं मी धरून चालले होते. पण काल तिचाच फोन आला. दबक्या आवाजात म्हणाली, “यांचा कोण मित्र आजारी आहे गं? तुला काही बोललेत का?”

मी “नाही” म्हणाले.

हे पत्र टाकणार नाही. तुमच्याकडे आलेली पाकिटं तीच फोडते.

तुझी बिनकामाची,
धाकटी