कॉफीची थरथरी आणि निळ्या झाकणाचा डबा

अहो आई,

जेली घट्ट व्हायला अजून दीड तास लागेल. फ्रिज सारखा उघडून बघायचा नाही, हे मीच तुम्हाला दटावून शिकवलं होतं, तेव्हा आता माझाही हात आवरायला हवा. म्हणून वही घेऊन ओट्यापाशी बसले आहे. आज तुम्हाला जाऊन वर्ष झालं. सकाळचे विधी उरकलेत. दुपारी पंचवीस माणसं जेवायला येतील. त्याआधी मला तुमच्याशी एक गोष्ट बोलायची आहे. खरं तर तोंडावर बोलायला हवी होती, पण मला ती आज सकाळी कळली.

मंदाताई काल फोनवर तुमच्या पानात काय काय वाढायचं ते सांगत होत्या. भरलेलं पापलेट, बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. मी म्हटलं, "आणि कॉफीची जेली."  तुमची लेक म्हणाली, "वयनी, वर्षश्राद्धाच्या पानात जपानी पदार्थ वाढनार काय?" मी म्हटलं, हो, वाढणार. आईंनी दोन वर्षं दर रविवारी खाल्लाय, त्यांना चालेल.

चालेल ना?

तुम्हाला ती पहिल्यांदा केली तेव्हाचं आठवतं? मी मोबाइलवर बघून केली होती. कडक काळी कॉफी, त्यात साखर, त्यात उकळून विरघळवलेलं चायना ग्रास. गार करून घट्ट झालं की चौकोनी तुकडे कापायचे, उंच ग्लासात टाकायचे, वर थंडगार दूध आणि थोडं मिल्कमेड, बर्फाचा चुरा, आणि जाड स्ट्रॉ. तुम्ही बाजारातून मासळीची टोपली रिकामी करून आला होतात. ओट्यावरचं चायना ग्रासचं पाकीट उचलून म्हणालात, "ह्या सुतल्या कसल्या गो?"

मी म्हटलं, हे समुद्राच्या शेवाळापासून करतात.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पाकिटाकडे बघितलंत, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटलात. "आमी जाल्यातून काडून फेकतो तो शेवाल तुमी दुकानातून आनता? शिकलेल्या बायका गो तुमी."

पुढे तुकडा स्ट्रॉमध्ये अडकला तेव्हा तुम्ही ओढायच्या ऐवजी फुंकलंत, आणि दूध माझ्या ड्रेसवर उडालं. त्या दिवसापासून तिचं नाव तुम्ही ठेवलंत थरथरी. "आज थरथरी करनार काय?" असं रविवारी सकाळी विचारायचात, जसं काही मी विसरणारच होते.

आणि घट्ट झाली का हे बघायची तुमची रीत. मी सुरी घालून बघायचे, तुम्ही अंगठा दाबायचात. पापलेट घेताना दाबतात तसा. खळगा पडून परत वर आला की म्हणायचात, "ताजी हाय. काप." मी दरवेळी ओरडायचे, आई, बोटं घालू नका. आज पहिल्या ग्लासाला मीही अंगठाच लावणार आहे.

हे सगळं गोड गोड झालं. आता कडू सांगते.

तीन वर्षांपूर्वीचा तो शनिवार. माझ्या ऑफिसातल्या तिघी जणी पहिल्यांदा चिंचणीला आपल्या घरी आल्या होत्या. माझी किती तारांबळ उडाली होती ते तुम्ही पाहिलं होतंत. मी बोईसरच्या कॉलनीत वाढलेली, साताऱ्याकडच्या आईबापाची पोर. मासेमारीच्या घरात लग्न केलं म्हणून आधीच चार जणी विचारायच्या, "जमतं का गं तुला तिकडे? वास येत नाही?" आणि त्यात पांडे मॅडम, कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या. मुद्दाम त्यांच्यासाठी जेली केली. जिलेटिन प्राण्याचं असतं, चायना ग्रास चालतं, हे सगळं त्यांना दोन दिवस आधी समजावून सांगितलं होतं. माणसं जास्त म्हणून ग्लासात न लावता मोठ्या डब्यात लावली. निळ्या झाकणाच्या.

पांडे मॅडमनी पहिला घोट घेतला आणि ग्लास हळूच खाली ठेवला. मग दुसरीने ठेवला.  शेवटी पांडे मॅडमच हळू आवाजात म्हणाल्या, "वैशाली, इसमें मछली जैसी स्मेल आ रही है क्या? या मुझे ही लग रहा है?"

तुमची कोळंबी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात होती. सकाळीच ठेवली होतीत, पातेल्यावर ताटली झाकून.

माझं डोकं फिरलं. मी तिथेच, त्यांच्यासमोर, तुमच्यावर तोंड सोडलं. "या घरात एक वस्तू तरी मासळीच्या वासाशिवाय राहणार आहे का? फ्रिज आहे की बंदर आहे?" अजून पुष्कळ बोलले. सगळं आठवतंय, पण लिहवत नाही.

तुम्ही माझ्या हातातला ग्लास घेतलात, हुंगलात, ओट्यावरच्या डब्याकडे बघितलंत. "अगो, ह्यो डबा..." असं काहीतरी म्हणायला लागलात. मी म्हटलं, "डब्याचं काय काढताय आता?" तुम्ही त्या तिघींकडे एकदा पाहिलंत. आणि म्हणालात, "हा, माजीच कोलंबी ती. चुकलं माजं. मी दुसरी कापी करून आनते." आणि खरंच साधी गरम कॉफी करून आणलीत. पांडे मॅडम ती प्यायल्या आणि छान झालीय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर फ्रिजमध्ये मासळी नव्हती. मागच्या पडवीत थर्माकोलची पेटी होती, बाजारात तुमच्यापाशी असायची तीच. तेव्हापासून तुमची कोळंबी, तुमचे बोंबील, घरच्या कालवणाची मासळीसुद्धा त्या पेटीत. दर दोन दिवसांनी बर्फाच्या कारखान्यावर जायचात, पिशवीतून बर्फ आणायचात, पडवीची पायरी चढताना गुडघा धरायचात. दोन वर्षं.

नरेश एकदा म्हणाला होता, "एवढा मोठा फ्रिज आहे, आईची मासळी आत घे ना." मी म्हटलं, "बघू." तुमचा मुलगा इंजिनांशी बोलतो तेवढंसुद्धा माणसांशी बोलत नाही. पुन्हा काही म्हणाला नाही.

का नाही घेतली मी? आज तुमच्याशी खोटं कशाला बोलू? फ्रिज उघडला की मला बरं वाटायचं. लिंबाची फोड ठेवलेला, स्वच्छ, माझ्या माहेरच्यासारखा. तुमच्या गुडघ्यापेक्षा मला तो वास प्यारा होता. आणि त्यानंतर जेली मी नेहमी काचेच्या ग्लासात लावायचे, आपल्यापुरती, तिला कधी वास आला नाही. मग मी मनात म्हणायचे, बघा, मासळी बाहेर गेली आणि वास गेला. म्हणजे माझंच बरोबर होतं.

तुम्ही मात्र रविवारी "थरथरी करनार काय" म्हणत यायचात. पडवीत पेटीवर बसून खायचात. मी समोर पायरीवर बसायचे, आणि तुम्ही मला मासळी शिकवायचात. कल्ला उचलून कसा बघायचा, करली घेताना कुठे दाबायचं, डोळे मिटून वासावर वाळवलेल्या जवळ्याची सुकट कुठली आणि वाळवलेल्या कोळंबीचे सोडे कुठले ते कसं ओळखायचं. चुकले की हसायचात. "नाकाला वलन लागतं गो, येईल." आलं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या महिन्यात मी एकदाही चुकले नव्हते. आणि मग एका दुपारी जेवून आडव्या झालात त्या उठल्याच नाहीत. ना दुखणं, ना दवाखाना. मला काही बोलायची संधीच दिली नाहीत, याचा मला अजून राग येतो. काय बोलले असते ते मात्र सांगता येत नाही.

आता आज सकाळचं.

पंचवीस माणसांची जेली म्हणून काल संध्याकाळी मोठ्या डब्यात लावली. निळ्या झाकणाच्या. स्वच्छ घासलेला, उन्हात वाळवलेला. आज सकाळी झाकण उघडलं आणि वास आला.

आई, फ्रिजमध्ये मासळीचं खवलंसुद्धा नव्हतं. तीन वर्षं नाही.

मी डबा नाकाजवळ नेला. डोळे मिटले. आणि मला कळलं. ती कोळंबी नव्हतीच. सुकट होती.

तो माझाच डबा आहे. त्यातूनच मी बोईसरला माझ्या आईला सुकटीची चटणी नेते. लग्नात ज्या बाईने नाकाला रुमाल लावला होता, ती आता फोन करून विचारते, "चटणी कधी आणतेस?" त्या शनिवारच्या आदल्या दिवशीच मी डबा तिच्याकडून परत आणला होता. घासला होता, पण प्लॅस्टिक ते. रोजच्या वापरात मला त्याचा वास जाणवत नाही, कारण माझं नाक आता तुमच्या घरचं झालंय. गरम कॉफी त्यात ओतली की मगच तो बोलतो.

आणि तुम्ही तेव्हा ग्लास हुंगला होतात. चाळीस वर्षं मासळी विकलेली बाई, तिला ओली कोळंबी आणि सुकट यातला फरक कळला नसेल? एका श्वासात कळला असणार. म्हणून तर डब्याकडे बघितलंत.

मी डबा हातात धरून तशीच उभी होते. मंदाताई मासळी घेऊन मागच्या दाराने आल्या, माझं तोंड बघितलं, डबा बघितला, आणि म्हणाल्या, "तुला आत्ता कललं काय?"

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"आयनं तवाच सांगितलेलं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं तिला, तू ऐकून कशाला घेतलंस, सांगायचं ना तोंडावर. तर म्हनाली, तिच्या हापिसच्या बाया समोर बसल्या होत्या. त्यांच्यात तिची मान खाली कशाला घालू? मी हायच मासलीवाली. माज्या अंगावर आनिक एक वास आला तर काय बिगडतं."

आई, मग मी तिथेच खाली बसले आणि रडले. वर्षभरात एवढी रडले नव्हते. मंदाताई पापलेट साफ करत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ऊठ आता, तिची थरथरी करायची हाय ना? ग्लासात लाव या टायमाला."

ती लावली आहे. शेजारपाजारचे ग्लास मागून आणले, तेवीस झाले, दोन वाट्या. त्यांतच ती आता घट्ट होतेय.

मला तुमचा रागही येतोय, खरं सांगू? त्या दिवशी त्या बायकांसमोर नाही सांगितलंत ते समजलं. पण त्या गेल्यावर? रात्री? दुसऱ्या दिवशी? दोन वर्षांत एका तरी रविवारी, पेटीवर बसून थरथरी खाताना? "वैशाली, डबा तुजा होता," एवढं म्हटलं असतंत तर मी आधी भांडले असते, मग हसले असते, आणि मासळी आत आणली असती. तुमचा गुडघा वाचला असता. माझ्या अब्रूची एवढी काळजी कुणी सांगितली होती तुम्हाला?

की तुम्ही वाट बघत होतात, माझं नाक तयार व्हायची? मला नाही वाटत. तुमच्या मनात असे हिशेब नसायचे. तुम्ही विसरून गेला असाल. विसरली नाही ती फक्त पेटी.

मंदाताईंनी आणलेली मासळी त्यांनी साफ करून, मसाला लावून सवयीने पडवीतल्या पेटीतच ठेवली होती. मघाशी मी ती उचलून आत आणली. पापलेट वरच्या कप्प्यात, बोंबील खाली, थरथरीच्या शेजारीच. ग्लासांवर ताटल्या झाकल्या आहेत. लिंबाची फोड काढून टाकली. नरेश पाणी प्यायला आला होता, फ्रिज उघडून दोन मिनिटं नुसता उभा राहिला. मग पडवीत गेला आणि पेटी धुऊन उन्हात पालथी घातली.

आता एकच राहिलं. जे मी चार माणसांत बोलले ते एकटीने वहीत लिहून फिटणार नाही. त्या तिघीही आज जेवायला येतायत. पांडे मॅडमसाठी वेगळी डाळ केली आहे, कांदा-लसणाशिवाय. तुमचं पान मांडलं की पहिला ग्लास मी तुमच्या पानाशी ठेवीन. मग त्यांच्या हातात ग्लास देण्याआधी, सगळ्यांसमोर तो निळ्या झाकणाचा डबा घेऊन उभी राहीन आणि सांगीन, त्या दिवशीचा वास माझ्या डब्याचा होता. माझ्या सासूबाईंची कोळंबी ताजी होती. पांडे मॅडमना हिंदीतही सांगीन, म्हणजे कुणाला काही कळलं नाही असं नको. मान खाली जाईल माझी. जाऊ दे. ती तीन वर्षांपूर्वीच जायला हवी होती.

आत्ता उठून अंगठा लावून बघितला. खळगा पडला आणि परत वर आला. ताजी आहे, आई. दारात रिक्षा थांबलीय, पांडे मॅडमचा आवाज येतोय. जाते मी.

तुमची सून,
सुकटीच्या डब्याची मालकीण,
वैशाली